पडद्यावरची हिरवी चौकट

रतनचा थोरला भाऊ भिमाजी आतड्याच्या कॅन्सरनं गेला. शौचाला रक्त पडायचं, ते त्यानं लाजेपायी कुणाला कळूच दिलं नव्हतं. त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला आणि रतननं ठरवून टाकलं, आपणही आतडं तपासून घ्यायचं. नवलाख उंबरे गावच्या एका कारखान्यात, कँटीनमध्ये ती पोळ्या लाटायची. "काय दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग कशाला?" बरोबरच्या बाया म्हणाल्या.

"भाऊलाबी आदी काय दुखत नव्हतं," म्हणत रतननं रजा टाकली.

पोट साफ करायचं खारट औषध तिनं नाक दाबून संपवलं. तळेगावच्या हॉस्पिटलात लेक यशोधरा सोबत होती. डॉक्टरीणबाई गुंगीचं इंजेक्शन देऊ लागल्या तशी रतन म्हणाली, "नको. मला बगायचंय."

"कळा येतील, मावशी."

"येऊ द्या."

कॅमेऱ्याची नळी आत सरकली तशा कळा आल्याच. दात आवळून ती पडद्याकडे बघत राहिली. आतड्याचा ओला गुलाबी बोगदा, आणि मधेच त्यावर एक हिरवी चौकट उमटायची.

"कॉम्प्युटर खूण करतोय," डॉक्टर म्हणाल्या. "पॉलिप, म्हणजे मांसाचा कोंब दिसल्यासारखा वाटला की करतो. चुकतोही. हा बघा, नुसता बुडबुडा."

नळी बाहेर घेताना एका वळीपाशी चौकट लुकलुकली आणि गेली. तोवर नळी तिथून सरकलीही होती. डॉक्टर थांबल्या, नळी परत त्या वळीपाशी नेली, पाणी मारलं. वळीच्या आड एक चपटा कोंब होता, आजूबाजूच्याच रंगाचा.

"माझ्या नजरेतून सुटला असता हा," त्या सरळ म्हणाल्या. तारेचा फास टाकून त्यांनी तो तिथंच काढला.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण कोंब तसाच राहिला असता तर पुढेमागे होऊ शकला असता. यशोधराला रडू फुटलं. रतनला मात्र आठवला धाकटा भाऊ नथू. ती तडक त्याच्या गावी, कार्ल्याला गेली. नथू भाताच्या खाचरात होता.

"मला काय धाड भरलीय, आक्का? आन् तसली तपासणी! लोक काय म्हनतील?"

"भाऊबी हेच म्हनायचा. तू व्हय म्हन, त्याबिगर मी हितून उटायची न्हाई."

ती बांधावर बसली. ऊन चढलं. भावजयीनं आणलेली भाकरी तिनं तिथंच खाल्ली, पण उठली नाही. शेवटी नथूनं चिखलाचे हात धुतले.

"कदी जायचं?"

नथूच्या आतड्यातही दोन कोंब निघाले, वेळीच निघाले. आता रतन तपासणीसाठी भिमाजीच्या पोरांच्या मागे लागली आहे.