हिरवी वस्ती

नकाशा देखणा झाला होता, हे आधीच कबूल करते. मंद्रूपच्या पुढच्या एका गावात कुठल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड किती, ते त्यात रंगांनी दिसत होतं. जास्त तिथं लाल, कमी तिथं हिरवं. हे फ्लोराईड कुणी टाकलेलं नव्हतं, खडकातूनच पाण्यात उतरतं. ते जास्त पोटात गेलं की वाढत्या मुलांचे दात तपकिरी डागांचे उगवतात, पुढं हाडंही दुखावतात. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी भूगोल शिकवते. वर्गात तो नकाशा दाखवून मी भरपूर भाव खाल्ला.

सगळं गाव लाल आणि कडेच्या मेंढपाळांच्या वस्तीवर तेवढा हिरवा डाग. संगणकाला दोन बोअरच्या मधलं काही ठाऊक नसतं. मोजलेल्या ठिकाणांवरून अंदाज बांधून तो मधली जागा रंगवतो. वस्तीवरून आम्ही एकच बाटली आणली होती, तिच्या जिवावर आजूबाजूची सगळी घरं हिरवी झाली. ग्रामपंचायतीनं नकाशा पाहून पाणी शुद्ध करायचं यंत्र लाल भागात बसवलं. मला कोण आनंद झाला!

वर्षानं पुन्हा नमुने घ्यायला गेले. वस्तीच्या बोअरचं पाणी या खेपेला स्वतः भरलं. आकडा आला तेव्हा वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली. पुन्हा तपासलं. तोच आकडा, गावातल्या कुठल्याही बोअरपेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी वस्ती गाठली. पहिली बाटली जिच्या घरून घेतली होती, ती बाई दारातच भेटली.

"वहिनी, गेल्या साली बाटलीत कुठलं पाणी भरलं होतंत?"

"इकतच्या जारचं. लाईट नव्हती की तवा, बोर बंद. आन् बोरचं लई मचूळ. पावण्याला तसलं कसं द्यायचं? आमी बी जारचंच पीत हुतो तवा."

बोअर दहा मिनिटं चालू ठेवायचा, मग बाटली आपल्या हातानं भरायची, हे मी मुलांकडून घोकून घेते. त्या दिवशी उन्हानं जीव नकोसा झाला होता. मी सावलीत बसून मोबाईलवर ठिकाण नोंदवत राहिले आणि बाटली तिच्या हातात दिली. तिनं बिचारीनं पाहुणचार केला. गाढवपणा माझा.

"आता जार आणता ना?"

"कशाला? नकाशात आमी हिरवं की. सरपंच म्हनले, बोरचं बिनघोर प्या. समदी वस्ती पितीया."

मी तिथूनच सरपंचांना फोन लावला. ते म्हणाले, "म्याडम, यंत्र बसलं आता. पुढच्या निधीत बघू की."

मग मी तिला सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त तीन वर्षांच्या लेकीला पुढं ओढलं आणि तोंड उघडायला लावलं.

"हिचं दात बगा की. पांढरंच हायती न्हवं?"

दात शुभ्र होते. पण ते दुधाचे. पक्के दात हिरड्यांच्या आत तयार होत होते, वर्षभर त्याच पाण्यावर. मला तिथंच ढसाढसा रडावंसं वाटलं.

"पांढरे आहेत," मी म्हणाले. पक्क्या दातांचं तेवढं सांगितलं नाही.