वळणावरचा फ्लेक्स

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, होस्टेलवरच्या मैत्रिणींनाही नाही. तुम्हाला सांगतेय ते लिहून — बोलणं मला कधी जमलंच नाही.

बारावीला मला चांगले मार्क पडले. काकांनी अभिनंदनाचा फ्लेक्स केला — माझा शाळेच्या ब्लेझरमधला फोटो, खाली ते स्वतः आणि त्यांचं मित्रमंडळ. राहू गावाहून खुटबावकडे जाताना उसाच्या आड एक अवघड वळण आहे. तिथे पिवळ्यावर काळे बाण असलेली मोठी पाटी आहे. फ्लेक्स तिच्याच खांबांना बांधला. आयतेच खांब होते.

घरी मी कुरकुरले. सगळ्यांना वाटलं, लाजली. पण मी रोज काहीतरी निमित्त काढून स्कूटीवर तिथून जायचे — वर्गात कधी हात वर न केलेली मी, केवढी मोठी दिसत होते! मागचे बाण झाकलेत, हेही मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. लायसन्ससाठी तीच तर चिन्हं नुकतीच पाठ केली होती. काकांना एक वाक्य सांगायचं होतं. नाही सांगितलं. का? — फ्लेक्स उतरवला असता म्हणून.

मग एका दुपारी वळणावर पोचले, तर एक मोटरसायकल रस्त्याकडेच्या चारीत पडलेली. शेजारी एक माणूस, पाय गाडीखाली. लग्नाच्या पत्रिका चिखलात पसरलेल्या. शिरूरकडचा होता, लेकीच्या पत्रिका वाटत निघालेला, या रस्त्याला नवा. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा तो नुसता कण्हत होता. आजूबाजूला कुणी नव्हतं.

मी काय केलं असेल?

आधी फ्लेक्सच्या सुतळ्या सोडल्या. एक गाठ सुटेना, ती दातांनी सोडली. फ्लेक्स उसात टाकला. आणि मग — मग हाका मारल्या.

दवाखान्यात तो सांगत राहिला, वळणाला पाटी नव्हती. लोक बघून आले. पाटी तर जागेवर होती.

“एवढी मोठी पाटी दिसली न्हाई व्हय? गाडी चालवत होता का इमान उडवत?”

सकाळी तिथं फ्लेक्स होता, असं कुणीतरी म्हणालं. मी म्हणाले, तो आधीच वाऱ्याने पडला होता. काका हसले. “ती कशाला खोटं बोलंल? तिच्या तोंडातनं खरं बोलणंबी निघायची मारामार!”

विषय तिथंच संपला. त्याचा पाय मात्र सरळ झाला नाही. लेकीच्या लग्नात खुर्चीवर बसून होता म्हणे.

काकांनी तो फ्लेक्स उसातून आणून कडब्याच्या गंजीवर टाकला. सुट्टीत घरी गेले की दिसतो. रंग उडालाय, पण चेहरा अजून ओळखू येतो.

त्या दुपारी पाटी झाकलेली होती. तो माणूस खरं सांगत होता.