हार काढा, साहेब

"हार काढा, साहेब. खरं ऐकायचं तर मान मोकळी पायजे."

निरोप समारंभ कुणाचाही असो, आमच्या भाऊसाहेबांचं भाषण याच वाक्यानं सुरू व्हायचं. निवृत्त होणारा माणूस गळ्यात झेंडूचे हार घेऊन खुर्चीत अवघडून बसलेला असायचा. भाऊसाहेब माइकपाशी यायचे, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायचे, पुन्हा डोळ्यांवर चढवायचे आणि त्या माणसाकडं नुसते बघत राहायचे. तो हार काढून मांडीवर ठेवत नाही तोवर पुढचा शब्द नाही. गोदामात खताच्या पोत्यांवर बसलेली आमची मंडळी तिथपासूनच हसायला लागायची.

तुम्ही कुठंही नोकरी केली असेल तर असा एखादा माणूस तुमच्याकडंही असेल. बाकीचे वक्ते 'प्रामाणिक, मितभाषी, कर्तव्यदक्ष' असं म्हणून खाली बसतात, आणि त्याच्या नावाचा पुकारा झाला की लोक चिवड्याची पुडी बाजूला ठेवून सरसावून बसतात. फक्त आमचे भाऊसाहेब त्यासाठी जेवढी खटपट करायचे तेवढी कुणी करत असेल असं मला वाटत नाही.

भूमला आमचा खरेदी-विक्री संघ होता. खत, बियाणं, आणि बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी नाकं मुरडत खाल्लेली ती अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, सगळं आमच्याच गोदामातून जायचं. भाऊसाहेब तिथं आवक-जावक बघायचे. आमच्या भागात कारकुनाला भाऊसाहेबच म्हणतात, त्यामुळं हे काही त्यांचं नाव नव्हे. मी मागाहून लागलो, म्हणून ते थोरले भाऊसाहेब आणि मी धाकले. तीही पदवी त्यांनीच दिलेली.

त्यांची रीत अशी होती. समारंभाच्या आधीच्या रविवारी ते त्या माणसाच्या घरी जायचे. ओसरीवर बसून चहा घ्यायचे आणि नवऱ्याच्या देखत बायकोला विचारायचे, "वैनी, साहेब घरात कशावरनं चिडतेत?" नवरा खुणा करत राहायचा आणि वहिनी सांगत सुटायच्या. मी एकदा त्यांना म्हणालो, एवढं कशाला, हापिसातले किस्से आहेत की. तर म्हणाले, "हापिसात दिसती ती खोड खरी न्हाय, धाकले. खरी खोड घरच्याच माणसाला ठावं असती."

आमचे व्यवस्थापक घड्याळाचे फार कडक. पाच मिनिटं उशीर झाला की दारात उभे. त्यांच्या निरोपाला भाऊसाहेबांनी गावाला सांगून टाकलं, की साहेबांच्या घरातलं घड्याळ कित्येक वर्षं बंद आहे, कारण टिकटिकीनं साहेबांची झोपमोड होते. पाहुणे येणार असले की वहिनी तेवढ्यापुरती चावी देतात. व्यवस्थापक हसून हसून खुर्चीतून उठले आणि भाऊसाहेबांच्या गळ्यातच पडले. तोपर्यंत ते कुणाला हसताना दिसले नव्हते. चेअरमनसाहेब सभेत डुलक्या काढत आणि दचकून जागे होत 'मंजूर' म्हणत. त्यांच्या सत्काराला कळलं, की घरीही तीच तऱ्हा आहे, आणि त्यांच्या मंडळी ऐन झोपेत त्यांना विचारून माहेराला जाऊन येतात.

दुष्काळात गोदामपाल निवृत्त झाले. गावात टँकर दिवसाआड यायचा, तोही आला तर. लोकांची तोंडं सुकलेली, कुणाला कसलाच उत्साह नव्हता. भाऊसाहेब उठले, हार काढायला लावले आणि म्हणाले, "गावात पाण्याचा थेंब न्हाय. तवा आज साहेबांची बिनपाण्यानंच करावी लागंल." ते भूमच्या लोकांना अजून आठवतं. त्या वर्षी त्या गोदामात लोक हसले ते तेवढंच.

पुढं पुढं असं झालं, की निवृत्तीला आलेली माणसं आपण होऊन त्यांना गाठायची. "माझं जरा जोरात होऊ द्या बरं का, भाऊसाहेब." एका शिपायाच्या वेळी ते तापानं पडून होते. तो शिपाई पुढं कित्येक दिवस रुसून होता, आपली कुणी खेचली नाही म्हणून.

भाऊसाहेब मूळचे तुळजापूरकडचे, तामलवाडीचे. घर बौद्धांचं. लग्न झालं होतं, पण बायको लवकर गेली. पुन्हा केलं नाही. एसटी स्टँडच्या मागं एका खोलीत एकटे राहायचे. ते आमच्या सगळ्यांच्या घरी जाऊन आले होते. आमच्यातलं त्यांच्या खोलीवर कुणी गेलेलं नव्हतं. तसा प्रसंग आला नाही, असं आम्ही म्हणायचो.

त्यांची स्वतःची निवृत्ती जवळ आली, तेव्हा एका दुपारी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"धाकले, माझ्या येळंला तुमी बोला. आन् ग्वाड बोलू नका."

"मी? मला कुठं जमतंय?"

"जमंल. म्या एवढ्यांची केली, माझी कुणीतरी कराय पायजे का न्हाय?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "खेचतेत ती आपल्या माणसाची. पाव्हण्याची कुणी खेचत न्हाय. लई वरसं झाली हितं. जाताना पाव्हणा म्हणून जायचं न्हाय मला."

मी हो म्हणालो. पण घरी जाऊन विचारायचं कुणाला? मी तसं म्हटल्यावर ते हसले. "त्येच तर अवघड हाय," म्हणाले.

तरी मी रविवारी त्यांच्या खोलीवर गेलो. रीत म्हणजे रीत. बाज, स्टोव्ह, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खुंटीला दोन सदरे. मला बघून त्यांची एवढी धांदल उडाली की काडी पेटता पेटेना. घरात कप एकच होता. त्यात मला चहा दिला आणि स्वतः पेल्यातून प्याले. मी विचारलं, तुमची एखादी खोड सांगा. बराच वेळ विचार करून म्हणाले, "आपली आपल्याला कुठं दिसती? दिसायला घरात दुसरं माणूस लागतं." मी रिकामा कप खाली ठेवला, थोडं इकडचं तिकडचं बोललो आणि निघालो.

मग म्हटलं, त्यांच्या घरात कुणी नसेल, पण ते ज्या घरांतून चहा पीत हिंडले तिथं कुणीतरी काहीतरी बघितलं असेलच. गोदामपालांच्या मंडळींना विचारलं. त्या पदर सावरत, आवाज उतरवून म्हणाल्या, "चहा झाला की कप आपला आपण इसळून पालथा घालून ठिवायचे. आमी न्हाय हो सांगितलं कधी." व्यवस्थापकांच्या घरी गेलो. त्या वहिनींनीही तेच सांगितलं, आणि लगेच पुढं, "आम्ही कधी म्हटलं नाही त्यांना." चेअरमनसाहेबांच्या घरीही तेच. मी तसं न विचारताही प्रत्येक घर मला सांगत होतं, की आम्ही सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं, हे खरंच होतं. अडवलंही कुणी नव्हतं.

शेवटी माझ्या आईला विचारलं. आई निवडत असलेल्या डाळीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "दुष्काळात तर पेलाभर पाणी दिलं की अर्धंच प्यायचे. उरलेलं कपाला. म्या बगायचे आतनं."

म्हणजे भूममध्ये भाऊसाहेबांची एकच खोड सगळ्यांना ठाऊक होती, आणि ती तोंडातून काढायची कुणाची छाती नव्हती. बोललो तर कुणाला काय वाटेल, मुख्य म्हणजे त्यांना काय वाटेल? न बोललो तर तेही त्या मितभाषी आणि कर्तव्यदक्ष माणसांत जाऊन बसणार, आणि मी त्यांना शब्द दिलेला.

समारंभ गोदामातच झाला. टेबलावर चेअरमनसाहेबांच्या घरची चादर, शाल, नारळ, पेढे. पहिला हार घातला तसा भाऊसाहेबांनी तो लगेच काढून मांडीवर ठेवला आणि मान ताठ करून बसले. पहिले वक्ते म्हणाले, प्रामाणिक. दुसरे म्हणाले, कधी कुणाला दुखावलं नाही. तिसऱ्यांनी मितभाषी म्हटलं. ज्या माणसानं आम्हाला इतकी वर्षं हसवलं तो मितभाषी! एरवी टवाळी केल्याशिवाय ज्यांना घास उतरत नसे ती माणसं त्या दिवशी शब्द तोलून तोलून बोलत होती. भलता अर्थ निघायला नको, एवढीच भीती प्रत्येकाच्या चेहऱ्यावर. बोलून झालं की जो तो नवा हार घालायचा, भाऊसाहेब तो काढायचे आणि पुढच्या वक्त्याकडं आशेनं बघायचे. मांडीवर झेंडूचा ढीग झाला होता.

मी उठलो. "हार काढा," म्हणायचं होतं, पण ते आधीच काढलेले. मी म्हणालो, "भूममध्ये असं घर नाही जिथं भाऊसाहेबांनी चहा घेतला नाही, आणि असं घर नाही जिथला कप त्यांनी विसळला नाही. यांच्यापायी आमच्या बायका बिघडल्या. म्हणतात, परका माणूस कप विसळून जातो आणि तुम्हाला जागचं हलायला नको. भाऊसाहेब, तुम्ही निघालात खरे, पण उद्यापासून आम्हाला कामाला लावून निघालात."

कुणी हसलं नाही. पोत्यांवरची माणसं खाली बघायला लागली. कुणीतरी खोकलं. चेअरमनसाहेब टेबलावरची चादर सारखी करत बसले.

आणि भाऊसाहेब हसले. एकटेच. एवढ्या मोठ्या गोदामात त्यांचं एकट्याचं हसणं पत्र्यावर जाऊन आपटत होतं. ते मांडी धरून हसले, चष्मा काढून डोळे पुसले, आणि बाकीचं कुणी हसत नाही हे लक्षात आलं तसे हळूहळू थांबले. मग उठून माझ्या हातातला माइक घेतला.

"बराबर बोलले धाकले. एकच राहिलं," ते म्हणाले. "चेअरमनसायबांच्या घरी माझ्या बशीला चीर हाय. ती म्या न्हाय पाडली. म्या पयल्यांदा गेलो तवाच व्हती."

चेअरमनसाहेबच आधी हसले, मग सगळे. सुटका झाल्यासारखे हसले. लोक पोत्यांवरून उठून त्यांना भेटायला लागले. मी बाजूला उभा राहून बघत होतो आणि मला रडू येत होतं. इतक्या जणांना त्यांनी निरोप दिला, आणि स्वतःच्या निरोपालाही शेवटी त्यांनाच उठून बोलावं लागलं.

बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "छान केलीत."

"कुणी हसलं नाही, भाऊसाहेब."

"म्या हसलो की," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजापूरच्या गाडीला जाण्याआधी ते आमच्या घरी आले. हातात वळकटी आणि पत्र्याची पेटी, आणखी काही नाही. आईनं पाणी दिलं, चहा दिला. गावाकडं पुतण्याचं घर आहे, तिथं राहीन म्हणाले. चहा संपला तसे सवयीनं कप घेऊन उठायला लागले.

आई दारात आली. "ठिवा तितंच, भाऊसाहेब."

"सवय हाय, मावशी."

"मोडा की सवय. आता येळच येळ हाय तुमाला."

ते कप हातात धरून तसेच बसले. आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग कप भिंतीकडं सरकवून हळूच खाली ठेवला आणि हात मोकळे झाल्यावर ते कुठं ठेवावेत हे न समजल्यासारखे गुडघ्यावर ठेवले. "येतो मावशी," म्हणून निघाले. मी स्टँडपर्यंत सोबत गेलो. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीतून माझीच खेचत होते.

त्यानंतर ते भूमला कधी आले नाहीत. मी तामलवाडीला जाईन जाईन म्हणत राहिलो. ते गेल्याचं तिकडच्या एका कंडक्टरकडून कळलं, तेही महिना उलटून गेल्यावर. संघात शोकसभा झाली. पहिल्याच वक्त्यानं मितभाषी म्हटलं आणि मी उठून बाहेर आलो. आता मीही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. माझ्या निरोपाच्या आधी कुणी माझ्या घरी आलं नाही, बायकोला काही विचारलं नाही. गळ्यात हार घेऊन मी शेवटपर्यंत बसून होतो, आणि तेव्हा मला त्यांची फार आठवण आली.

पण जास्त आठवण येते ती त्या सकाळची. स्टँडवरून परत आलो तर आई ओसरीवर तशीच बसलेली. भिंतीपाशी त्यांचा कप होता, तळाला चहाचा गाळ, न विसळलेला. आई त्याच्याकडं बघत नव्हती. ती शेजारच्या पेल्याकडं बघत होती. दुष्काळ सरून कित्येक वर्षं झाली होती, आणि तरी त्या पेल्यातलं पाणी ते अर्धंच प्याले होते.