मधल्या माणसांना फाटा देऊन आणलेली संत्री

पुरवठा साखळीचा नफा कशाकशावर ठरतो, हे मी कॉलेजात अकरा वर्षं शिकवतोय. रस्ते, साठवण, पॅकिंग, माहिती, भरवसा. त्यामुळे माझी बायको सुनंदा हिला जेव्हा संत्रा बर्फीची पहिली मोठी ऑर्डर मिळाली, शेजारच्या वास्तुपूजनाला पंधरा किलो, तीही दुसऱ्या सकाळपर्यंत, तेव्हा मी लगेच जाहीर केलं, "संत्री थेट काटोलच्या बागेतून आणतो. मधल्या माणसांना फाटा!"

"बिघडलं तं हुडकेश्वरात मले पुन्हा कोणी विचारणार नाही," एवढंच ती म्हणाली.

सकाळी सातला गाडी काढली. हुडकेश्वराहून अख्खं नागपूर ओलांडायचं असल्यामुळे दोन तास धराच. पुढे रस्त्याचं काम सुरू आहे, कंबर सांभाळा. वाटेत तर्री पोहे तीस रुपयांत मिळतात, पण रुमाल घरूनच न्या. मी नेला नव्हता, त्यामुळे शर्टाच्या बाहीचं काय झालं ते विचारू नका.

बागेचे मालक वासुदेवराव भले माणूस. त्यांचे तोडणारे कात्रीने देठ ठेवून संत्रं कापतात आणि क्रेटमध्ये खाली-वर गवत घालून भरतात. त्याची मजुरी वेगळी.

"मजुरी कशाला? मीच तोडतो," मी म्हणालो.

"काहून साहेब? हातानं ओढाल तं साल निघते."

तरी मी संत्री हातानंच ओढली. क्रेट आणि गवताचेही पैसे वाचवले, संत्री डिक्कीत मोकळीच ओतली. तोडणारा हसायला लागला तसे वासुदेवराव त्याला म्हणाले, "राहू दे गा, साहेब मास्तर आहेत."

परतीच्या खड्ड्यांनी माझा सगळा अभ्यासक्रम एका तासात शिकवला. चहाच्या टपरीवर थांबलो तर टपरीवाला म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीतून ज्यूस गळून राहिला!"

घरी पोचेपर्यंत माझा चेहरा उतरला होता. सुनंदाची पहिलीच मोठी ऑर्डर मी घालवली होती. तिने डिक्की उघडली, पाहिली आणि ती स्वयंपाकघरात गेली. मागोमाग गेलो तर तिथे क्रेट भरून संत्री होती, खाली गवत, प्रत्येकाला छोटासा देठ. कढईत बर्फी आटत होती.

"तुम्ही निघाले तेव्हाच चौकातल्या ठेल्यावरून घेऊन ठेवले."

"माझ्यावर भरवसा नव्हता?"

"तुमच्यावर होता. तुमच्या पॅकिंगवर नव्हता."

मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त हायसं वाटलं.

माझ्या फाटक्या संत्र्यांतली धड होती ती तिने धुतली, पिळली आणि त्याच वास्तुपूजनाला गार रस म्हणून ग्लासाच्या हिशेबाने विकली. बर्फीपेक्षा रसच आधी संपला. गाडीला अजून आंबूस वास येतो, पेट्रोलचे पैसे माझे गेले ते गेलेच. म्हणून मी रसाच्या नफ्यातला वाटा मागितला.

सुनंदा पातेलं घासत म्हणाली, "मधल्या माणसाले काहून द्यायचा?"