बाबांनी दळून आणलेला कुरोड्यांचा गहू

१९८०च्या उन्हाळ्यात करडीला, आमच्या गावच्या घरी, बाबांनी एक पराक्रम केला... आणि त्यामुळे मी बीएस्सी झाले. हसू नका, खरंच सांगतेय.

मी भंडाऱ्याच्या कॉलेजात होते. बायोकेमिस्ट्रीच्या तोंडी परीक्षेत आधी एकदा आपटले होते. आता नापास झालीस तर कॉलेज बंद आणि स्थळं बघायची, असं बाबांनी बजावलेलं. मला शिकायचं होतं हो... पण ती एन्झाइमांची नावं! अमायलेज, लायपेज, पेप्सिन... डोक्यात शिरतील तर शपथ.

आमचे सर म्हणायचे, घोकू नका, नाव कुठून आलं ते बघा. पेप्सिन ग्रीकमधल्या पचनावरून, लॅक्टेज लॅटिनमधल्या दुधावरून. अमायलेज स्टार्च फोडतं, आणि स्टार्चला ग्रीक लोक म्हणत 'अमायलॉन', म्हणजे जात्याशिवाय काढलेलं. आता जात्याशिवाय पीठ कसं निघेल? मला काही ते पटेना.

परीक्षेआधीच्या रविवारी घरी गेले. आईने कुरोड्यांसाठी, म्हणजे तुमच्या कुरडयांसाठी, गहू निवडून ठेवला होता, भिजत घालायचा होता. तिचे हात दुखतात म्हणून बाबा गुपचूप उठले आणि सगळा गहू गिरणीतून दळून घेऊन आले!

आईने डबा उघडला आणि कपाळावर हात मारला. "अवो, हे काय करून ठेवलं जी? कुरोड्याईचा गहू कोणी दळते काय? भिजवा लागते, कांडा लागते, पिळून चीक काढा लागते. याले जातं चालत नाही!"

"तुया हाताले आराम भेटन म्हनून आणलं ना वो..." बाबा एवढंसं तोंड करून म्हणाले.

मी मात्र उडालेच. चीक म्हणजेच तर स्टार्च! म्हणजे ग्रीसमधल्या बायकाही आईसारखाच गहू भिजवत असणार... इतका आनंद झाला म्हणून सांगू! मग संध्याकाळपर्यंत एकेक नाव उलगडत बसले.

परीक्षेत नेमकं अमायलेजच आलं. मी अर्थ सांगितला, कुरोड्या सांगितल्या, भरात बाबांचं पीठही सांगून टाकलं. नागपूरहून आलेले परीक्षक चष्मा काढून हसले.

पास झाले. पुढे आयुष्यभर हाच विषय शिकवला. स्थळांचं तर बाबा विसरूनच गेले... उलट पारावर बसून ऐटीत सांगायचे, "पोरगी पास झाली ते माया पिठानं!"

आई तेव्हा चिडायची, मी हसायचे. आज बाबा नाहीत. उन्हाळ्यात गहू भिजत घातला की त्यांचं ते एवढंसं तोंड आठवतं आणि गलबलून येतं... बाबा, खरंच हो, तुमच्याच पिठानं.