चोवीस ग्रॅमचा दणका

देवाने हे जग घडवलं तेव्हा माल तपासायला फाटकात आमचे व्याही उभे असते, तर निम्मं जग आल्या गाडीने परत गेलं असतं. उरलेल्या निम्म्यावर त्यांनी पिवळी चिठ्ठी लावून देवाला सांगितलं असतं, की वापरायचं तर वापरा, पण माझी सही मिळणार नाही. हे गृहस्थ मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या चाकणच्या एका कंपनीत उभी नोकरी क्वालिटी खात्यात होते. बाहेरून आलेला प्रत्येक नट, प्रत्येक वायसर त्यांच्या टेबलावरून पुढे जायचा किंवा जायचा नाही. निवृत्त होऊन घरी आले, पण टेबल काही सुटलं नाही. फक्त त्यावर आता भाजी, वर्तमानपत्र, सोसायटीची लिफ्ट आणि नातेवाईक येऊ लागले.

माझी आणि त्यांची पहिली गाठ आमच्या लेकीला बघायला आले तेव्हा पडली. राजगुरुनगरच्या आमच्या घरात पाऊल टाकताच त्यांनी मुलीकडे नाही, जिन्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे. मला मिरच्या झोंबल्या. बावीस वर्षं त्या जिन्यावरून चढउतार करणारा मी, मला कधी जाणवलं नाही ते! (मंडळी गेल्यावर मी टेप लावून पाहिली. उंच होती.) मग पोहे आले. पोहे मुलीनेच केलेत, असं आमच्या एका काकूंनी रिवाजाप्रमाणे सांगितलं. त्यावर मुलगी शांतपणे म्हणाली, "पोहे आईने केलेत. मी फक्त मीठ घातलं, आणि तेच जास्त झालंय." आमच्या काकूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. व्याह्यांनी मात्र बशी खाली ठेवली आणि आपल्या मुलाला काही न विचारता जाहीर केलं, की स्थळ पसंत आहे. पुढे लग्नातही गुरुजी मंगलाष्टकं म्हणत होते तेव्हा नवऱ्या मुलाचा बाप मंडपाच्या खांबाला ओळंबा लावून बघत होता, असं आमच्याकडचे लोक सांगतात. मी ओळंबा पाहिला नाही. पण एक डोळा मिटून ते खांबाकडे बघत होते, हे खरं.

आता अशा माणसाच्या हातात बंदूक कशी आली, हे सांगायला हवं. त्यांच्या वडिलांची मावळात शेती होती आणि रानडुकरांच्या त्रासापायी बारा बोअरची एक दुनळी घरात होती. वडिलांमागे ती आणि तिचं लायसन्स वारसाहक्काने यांच्याकडे आलं. नोकरी संपेपर्यंत बंदूक कपाटात पडून होती. मग कुणीतरी त्यांना सांगितलं, की राजगुरुनगरच्या बाहेर एका टेकडीमागे छऱ्यांच्या बंदुकीची रेंज निघाली आहे. तिथे यंत्रातून मातीची बशीएवढी तबकडी हवेत भिरकावतात आणि ती खाली पडायच्या आत फोडायची असते. व्याही गेले, आणि पहिल्याच दिवशी एक तबकडी फुटली. फुटल्याबरोबर त्यांनी घाबरून मागे वळून पाहिलं, की आता कोण ओरडणार. उलट लोकांनी टाळ्या वाजवल्या. हा प्रसंग सांगताना त्यांचा आवाज आजही हलतो. "व्याही," ते मला म्हणाले होते, "सगळी नोकरी काही मोडू नये, फुटू नये म्हणून झिजलो. आणि इथं फोडलं की शाबासकी!"

तेव्हापासून दर रविवारी चाकणच्या चौकातली कोंडी सुरू व्हायच्या आत ते चिंचवडहून निघत, आमच्याकडे चहा घेत, मला गाडीत घालत आणि रेंजवर नेत. दुपारचं जेवण आमच्याकडे. जावई दहावा ग्रह म्हणतात. मग व्याही हा अकरावा, आणि तो दर आठवड्याला आमच्या स्वयंपाकघरात येत होता. सुरुवातीला हिने श्रीखंड-पुरी, पुरणपोळी असं सगळं साग्रसंगीत केलं. दोन महिन्यांत गाडी पिठलं-भाकरीवर आली आणि व्याह्यांनी पहिल्यांदा मागून घेतलं. पण जेवण घरगुती झालं तरी बोलणं काही घरगुती झालं नाही. ते मला "अहो व्याही" म्हणत, मी त्यांना "अहो व्याही" म्हणे, आणि मुलीचा बाप या नात्याने ते म्हणतील त्याला मी मान डोलवत असे.

मग खांदा गेला. तोही बंदुकीने नव्हे. गौरींच्या दिवसांत माळ्यावरचं पितळी पातेलं काढताना उजव्या खांद्यात काहीतरी कट्‌कन तुटलं. ऑपरेशन झालं, पट्टा झाला, व्यायाम झाले. शेवटी डॉक्टर म्हणाले, की बंदूक सोडून द्या, निदान तिचा दणका तरी कमी करा. या वाक्याचा पहिला अर्धा भाग व्याह्यांनी नापास केला आणि दुसरा स्वीकारला. त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, त्यांना सहा महिने दिले. तेवढ्यात खांद्याला झेपेल असं काडतूस मिळालं तर ठीक, नाहीतर बंदूक ठाण्यात जमा करायची. व्याह्यांनी ते कबूल केलं.

इथे मला काडतुसांबद्दल थोडं सांगावं लागेल, म्हणजे मला जेवढं सांगण्यात आलं तेवढं. काडतुसात शिशाचे छरे असतात. छऱ्यांचं वजन जितकं जास्त आणि त्यांचा वेग जितका जास्त, तितकी बंदूक मागे खांद्यावर आपटते. म्हणून अठ्ठावीस ग्रॅमऐवजी चोवीस ग्रॅमचं घ्यायचं, आणि चोवीसमधलंही संथ चालीचं. मातीच्या तबकडीला तेवढं पुरतं, ती काही रानडुक्कर नव्हे. पण नुसतं मऊ असून भागत नाही, काडतूस स्वच्छही जळायला हवं. दारू नीट जळाली नाही तर नळीत काजळी बसते, आणि मग गज घालून नळी घासावी लागते. ती घासताना खांदा दुखतो तो वेगळाच. म्हणजे मारताना एकदा आणि धुताना एकदा. यासाठी व्याह्यांनी पुण्यातल्या काडतुसांच्या दुकानदाराला इतके प्रश्न विचारले, की पुढे पुढे त्यांची गाडी लांबून दिसली की तो जेवायला जाई. तरी त्यांनी तीन प्रकारची काडतुसं मिळवली आणि घरातल्या पांढऱ्या अभ्र्यांचे तुकडे केले. प्रत्येक प्रकाराचे थोडे बार झाले की गजाने एक तुकडा नळीतून ओढायचा आणि कुठला किती काळा झाला ते उन्हात धरून बघायचं.

पहिल्या रविवारी असे तीन तुकडे त्यांनी आमच्या ओट्यावर ओळीने मांडले आणि हात धुवायला गेले. परत येईपर्यंत हिने पाहुण्यांचे रुमाल मळलेत म्हणून ते साबणाने चोळून, दोरीवर वाळत घातले होते. जेवण झाल्यावर इस्त्री करून, घड्या घालून तिने ते त्यांच्या हातात दिले. व्याह्यांनी तीन पांढऱ्याशुभ्र तुकड्यांकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "छान निघाले हो." उभ्या आयुष्यात खोटा शेरा दिलेला हा एकच प्रसंग असावा. स्वतःच्या विहिणीपुढे क्वालिटीचंही काही चालत नाही.

काजळीचं काम पुढच्या रविवारी मार्गी लागलं. अडलं ते दणक्याचं. त्यांचा स्वतःचा खांदा दुखरा, तेव्हा त्यावर माप घेण्यात अर्थ नव्हता. म्हणून त्यांनी ठरवलं, की धडधाकट खांद्यांना तिन्ही काडतुसं मारायला लावायची आणि त्यांना दहापैकी गुण द्यायला सांगायचं. रेंज चालवणारे एक निवृत्त सुभेदार आहेत, त्यांच्या देखरेखीखाली एकेकजण उभा राहिला. सुभेदार म्हणाले, काय न्हाई, तिन्ही सारखीच हायेत. हिंजवडीतल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला एक पैलवानी गडी म्हणाला, काहीच कळलं नाही. पुरुषाच्या जातीला चारचौघांत खांदा दुखला म्हणायची लाज वाटते, हे मला त्या दिवशी नीट समजलं. मग माझी पाळी आली. अठ्ठावीस ग्रॅमचा पहिलाच दणका असा बसला, की माझ्या डोळ्यांपुढे आमचे सगळे पूर्वज उभे राहिले. "कसं आहे?" व्याह्यांनी विचारलं. मुलीच्या सासऱ्यांनी प्रेमाने पुढे केलेलं काडतूस! मी म्हटलं, "लोणी आहे." पुढची दोन्हीही लोणीच निघाली. नंतर चार दिवस मी डाव्या हाताने दाढी केली.

परतीच्या वाटेवर व्याही स्टिअरिंगवर बोटांनी गुण मोजत होते. मग म्हणाले, की सगळ्यांनी तिन्हींना सारखेच गुण दिले. अठ्ठावीसला तेच, चोवीसला तेच. कंपनीत असं झालं की ते मालाला दोष देत नसत, मोजायचं गेज अडकलंय असं समजत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्यामुळे मला खिडकीबाहेर बघता आलं. घर यायच्या जरा आधी ते स्वतःशीच म्हणाले, की पोह्यात मीठ जास्त झालंय म्हणणारं माणूस आपल्याच घरात असताना आपण गावभर हिंडतोय.

पुढच्या रविवारी आमची लेक आली. आठवडाभर हिंजवडीच्या कॅबमध्ये तास-दीड तास बसून येणारी ती, रविवारची झोप टाकून सासऱ्यांसाठी टोपी घालून उभी राहिली. सुभेदारांनी तिला बंदूक धरायला शिकवलं. पहिलं काडतूस मारून तिने बंदूक खाली केली, खांदा चोळला आणि सासऱ्यांना म्हणाली, की बाबा, हे दुखलं. सुभेदार दुसरीकडे बघू लागले. दुसरं जरा कमी दुखलं, पण धुराने डोळे चुरचुरले. तिसरं चोवीस ग्रॅमचं, संथ चालीचं. ते मारून तिने खांदा फिरवून बघितला आणि म्हणाली, की लागतं, पण हे मी उद्या पुन्हा मारू शकेन. व्याह्यांना जो आनंद झाला तो मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. नळीतून ओढलेला तुकडा त्यांनी उन्हात धरून सगळ्यांना दाखवला. हिने धुतलेल्या तुकड्याइतका नाही, पण जवळजवळ तितकाच पांढरा होता.

मग ते स्वतः उभे राहिले. त्यांनी तेच काडतूस भरलं आणि पहिली तबकडी फोडली. दुसरीही फोडली. तिसरी हुकली आणि चौथी अशी फुटली, की तिचा नुसता धुरळा झाला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सुभेदारांनी तर शिट्टी मारली. व्याही वळले. सहा महिने संपायला अजून अवकाश होता आणि त्यांची बंदूक वाचली होती. ते सुनेकडे बघून हसले. ती हसत नव्हती.

"बाबा, काडतूस पास आहे," ती म्हणाली. "खांदा नाही. दणका बार झाल्यावर बसतो. तुम्ही नुसती बंदूक उचलतानाच ओठ चावता."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

मला वाटलं, आता मध्ये पडावं, काहीतरी गोड बोलावं, होईल हो बरा असं म्हणावं. पण व्याह्यांनी वाद घातला नाही. नापास मालासाठी कुणी रदबदली केली की त्यांना राग यायचा, हे मी अनेकदा ऐकलं होतं. त्यांनी बंदूक मधोमध मोडून उघडली, नळ्या रिकाम्या आहेत हे बघितलं आणि ती पेटीत ठेवली. त्या मऊ काडतुसांचे उरलेले डबे सुभेदारांच्या हवाली केले आणि नव्याने शिकायला येणाऱ्यांना आधी हीच द्या, म्हणून बजावलं. रात्री लेकीचा फोन आला. तिने विचारलं, मी बोलायला नको होतं का? मी म्हटलं, तूच बोलायला हवं होतं. मग ती रडली. मलाही राहवलं नाही. आठवड्याभरात बंदूक ठाण्यात जमा झाली.

आता रेंजचं काही काम उरलेलं नाही, तरी व्याही रविवारी येतात. लवकर निघायचं कारण नाही म्हणून चाकणच्या कोंडीत अडकतात आणि उशिरा पोचतात. आमच्या नळाला, कुकरच्या शिट्टीला पूर्वीइतकी नावं ठेवत नाहीत. ही म्हणते, शहाणे झाले. मला ते आवडत नाही.

परवा आम्ही जेवत होतो. टेकडीपलीकडून बार ऐकू आला, मग लागोपाठ दुसरा. व्याह्यांचा घास हातातच थांबला. "अठ्ठावीस ग्रॅमचं आहे," ते म्हणाले. "कुणाचा तरी खांदा दुखणार." मला आवाजातला फरक कळत नाही. पण इतक्या दिवसांत जे विचारलं नव्हतं ते मी त्या दिवशी विचारलं, की व्याही, तुमचा दुखतो का अजून? त्यांनी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला.

"दुखतो हो," ते म्हणाले. "बंदूक बंद केली की थांबेल, असं वाटलं होतं."