पानमळ्यातले पांढरे बूट

गोकुळ अस्वार यांची डावी चप्पल वरवट बकालच्या बसस्टँडवर राहिली आणि गोकुळभाऊ घरी पोचले. मधलं अंतर अडीच किलोमीटर. दारात बायकोने, पुष्पाबाईंनी, त्यांना अडवलं.

"एकच चप्पल घालून कुठून येऊन राह्यले?"

गोकुळभाऊंनी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती, डाव्यात नव्हती. हे त्यांना तेव्हा कळलं.

"आज पेलो नाही," ते म्हणाले.

ते खरं होतं. दोन ऑक्टोबर होता, सगळी दुकानं बंद होती. पण पुष्पाबाईंनी बावीस वर्षांच्या अनुभवावर भरवसा ठेवला. "ड्राय डेले बी भेटली? कमाल हाय बाई," एवढंच बोलून त्या भाकरी टाकायला आत गेल्या.

गोकुळभाऊ तेव्हा चौपन्न वर्षांचे होते. रोज संध्याकाळी एक क्वार्टर, बाजाराच्या दिवशी दोन, असा त्यांचा बावीस वर्षांचा नेम. घरी येऊन भांडण नाही, शिवीगाळ नाही, दुसऱ्या दिवशी कामावर खाडा नाही. त्यामुळे घरात कोणी त्याला व्यसन म्हणत नव्हतं. 'सवय' म्हणत. वर्षभरापासून तळव्यांना मुंग्या येत होत्या, अंथरुणात पाय भाजल्यासारखे वाटत होते. गोकुळभाऊंनी त्यावरही एक क्वार्टर हाच इलाज केला होता.

घरचा वीस गुंठ्यांचा पानमळा आहे. शेवरी आणि पांगाऱ्याच्या आधाराने चढवलेले नागवेलीचे वेल, खाली कायम ओल आणि भर दुपारीही गार सावली. या भागातल्या पानमळ्यांचा एक जुना रिवाज आहे. मळ्यात चप्पल चालत नाही. मालक असो, मजूर असो, पानं न्यायला आलेला व्यापारी असो, पायातलं फाटकाबाहेर. गोकुळभाऊंच्या आई सोजराबाईंनी त्यात स्वतःचा आणखी एक नियम घातला होता. प्यालेला माणूस आत येणार नाही. सोजराबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. दिवसभर फाटकाजवळ बाजेवर बसून त्या गोधडी शिवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघतात. गोकुळभाऊ काम संपल्यावरच पीत. त्यामुळे दुसरा नियम त्यांच्या वाटेत कधी आला नव्हता.

नोव्हेंबरात पांगाऱ्याचा काटा टाचेत गेला. साधारण माणूस ओरडून खाली बसला असता. गोकुळभाऊ त्या काट्यावर चार दिवस चालले. पाचव्या दिवशी पुष्पाबाईंना फरशीवर तांबडे ठिपके दिसले. ठिपक्यांच्या मागे मागे त्या गेल्या, तर ते ओसरीत चहा पीत बसलेल्या नवऱ्यापाशी संपले. टाच सुजून टम्म झाली होती.

"दुखत नाही काय?"

"काय दुखत नाही?"

मुलगी समीक्षा बुलढाण्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फोनवर ऐकून तिने बापाला तिकडेच बोलावून घेतलं. पुष्पाबाई आणि गोकुळभाऊ खामगावला बस बदलून, घाट चढून बुलढाण्याला गेले. डॉक्टर बाई होत्या, वयाने समीक्षापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी जखम साफ केली, पट्टी बांधली. मग एक दुहेरी लोखंडी चिमटा टेबलावर आपटून त्याचं टोक गोकुळभाऊंच्या अंगठ्यावर टेकवलं.

"थरथर जाणवते का, काका?"

"हाव."

बाईंनी चिमटा मुठीत धरून थांबवला आणि पुन्हा टेकवला. "आणि आता?"

"हाव. आता तं चांगलीच."

"आता तो बंद आहे."

गोकुळभाऊ ओशाळले. "तुमी येवढ्या आपुलकीनं इचारून राह्यल्या, नाही कसं म्हनाव?"

रक्त तपासलं. साखर नव्हती. बी-ट्वेल्व्ह फार कमी होतं. बाईंनी समजावून सांगितलं की पायापर्यंत जाणाऱ्या नसा टोकाकडून खराब होत चालल्या आहेत. पाय आहेत, ताकद आहे, पण पायांची खबर वर पोचत नाही. म्हणून चप्पल निसटली तरी कळत नाही, आणि जमीन नीट लागत नाही म्हणून तोल जातो.

"दारूनं झालं काय?" पुष्पाबाईंनी विचारलं. इतकी वर्षं हा प्रश्न त्यांना कोणाला तरी विचारायचाच होता.

"दारूनंच झालं असं मी लिहून देणार नाही. पण बावीस वर्षं पिणाऱ्या माणसात पहिला संशय दुसऱ्या कशावर घेऊ?"

मग सूचना झाल्या. दारू बंद, पण एकदम नाही. गोळ्यांच्या आधाराने, तपासणीला येत येत. जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. रोज आरसा धरून तळवे बघायचे. आणि अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही.

"मळ्यात बी?" गोकुळभाऊंनी विचारलं.

"मळ्यात तर अजिबातच नाही."

परतीच्या बसमध्ये पुष्पाबाईंना वाटत होतं, नवरा दारूच्या काळजीत आहे. तो खिडकीबाहेर बघत सोजराबाईंचा विचार करत होता.

दारू तीन आठवड्यांत सुटली. एका साक्षगंधाच्या जेवणात एकदा पाय घसरला, तेवढा सोडला तर पुन्हा नाही. गंमत पुढेच झाली. पिणारे गोकुळभाऊ जसे झुलत चालत, तसेच न पिणारे गोकुळभाऊही झुलत चालत. किंबहुना जास्तच. पूर्वी ते संध्याकाळी झुलत. आता सकाळी सात वाजता दुधाचा डबा घेऊनही झुलायला लागले. शेजारच्या मळ्याचे नारायणराव रस्त्यातच थांबले.

"काय गोकुळ, सकायीच?"

"चहा पेलो भाऊ नुसता."

"कोन्या कंपनीचा?"

पाय कुठे पडतात हे डोळ्यांनी बघावं लागत होतं, म्हणून ते मान खाली घालून चालत. गावाने त्याचा अर्थ लावला की माणसाला निदान लाज तरी वाटते. एकाने तर पुष्पाबाईंना सुचवलं की बाटली तो मळ्याच्या पाटात लपवत असेल, शोधून बघा. पुष्पाबाईंनी शोधून पाहिलंही. मिळाली नाही तेव्हा पहिल्यांदा त्यांचा नवऱ्यावर विश्वास बसला.

टाच भरली तेव्हा डिसेंबर संपत आला होता, आणि संक्रांतीनंतर उतरण असते. उतरण म्हणजे वर्षभर वर चढलेला वेल आधारापासून सोडवायचा, खाली घ्यायचा, बुंध्याशी वेटोळं करून मातीत दाबायचा आणि फक्त शेंडा पुन्हा आधाराला बांधायचा. शेंडा मोडला की त्या वेलाचं पान गेलं. मजुराच्या हातून दहात दोन मोडतात. गोकुळभाऊंच्या हातून शंभरात एखादा. आयुष्यात त्यांना लोकांपेक्षा बरं असं हे एकच काम येत होतं, आणि ते फाटकाच्या आत होतं.

त्यांनी पांढरे कॅनव्हासचे बूट विकत घेतले आणि एका सकाळी ते घालून फाटकाशी उभे राहिले.

"इकडं ये. तोंड दाखव," सोजराबाई म्हणाल्या.

गोकुळभाऊ वाकले. आईने वास घेतला.

"वास नाही."

"मंग जाऊ?"

"तोंड काई म्हनो. पाय सांगून राह्यले ना. अन् ते पांढरं काय घातलं बे? वरात हाय काय?"

"माय, डाक्टरनं सांगतलं..."

"डाक्टरचा मळा असन तं तिथं जाय घालून."

ते परत फिरले. पंधरा दिवस फाटकाबाहेर बसून त्यांनी आतून आलेली पानं निवडली, एकावर एक रचून दिली. आत पुष्पाबाई आणि एक मजूर बाई होती. एकदा मजूर बाईने वेल बांधताना शेंडा मोडला. त्याचा बारीक कट् असा आवाज गोकुळभाऊंना बाहेर बसूनही ऐकू आला. ते उठले आणि पुन्हा बसले.

संक्रांतीला समीक्षा घरी आली. तिने आजीला शरीरशास्त्र समजावलं. मेंदू, मणका, नसा, सगळं. सोजराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नस मेली म्हनतं. मेली तं चालते कसा?"

"पूर्ण मेली नाही आजी. कळत नाही त्यायले."

"कळत नाही का कळू देत नाही? तुह्या बापाले मी तुह्याहून पह्यले वळखतो."

त्याच दुपारी गोकुळभाऊ फाटकाबाहेर जमिनीवर पाय पसरून नारायणरावांशी बोलत होते. विषय विहिरीवरच्या मोटारीचा होता. तळवे बाजेकडे होते. सोजराबाईंच्या हातात गोधडीची सुई, चांगली बोटभर लांब. त्या वाकल्या आणि सुईचं टोक त्यांनी मुलाच्या तळव्याला लावलं.

गोकुळभाऊ म्हणत होते, "वाइंडिंग दुसऱ्यांदा जयलं म्हंजे मोटारच बदलाव..."

सोजराबाईंनी सुई दाबली. आणखी दाबली. तळव्यावर रक्ताचा थेंब आला आणि टाचेकडे ओघळला. नारायणरावांना तो दिसला. त्यांचं तोंड उघडं राहिलं.

"काऊन थांबले भाऊ? मोटार बदलाव का नाही?" गोकुळभाऊंनी विचारलं.

समीक्षा धावत आली. "आजी! कोणी असं करते काय? जखम होऊ द्यायची नाही म्हणून तं जीव तोडून राह्यलो आमी!" तिने पाय धुतला, औषध लावलं, पट्टी बांधली. गोकुळभाऊ गोंधळून कधी लेकीकडे, कधी पट्टीकडे पाहत होते. काय झालं ते त्यांना सांगावं लागलं.

सोजराबाईंनी सुई पदराला पुसली. ती गोधडीत खोचून ठेवली. मग म्हणाल्या, "ते बूट आन."

बूट आणले. त्यांनी उलटे करून तळ पाहिला, नखाने खरवडला.

"माह्या सासूनं सांगतलं होतं, चप्पल आली का वाट आत येते. वाटंवरचा रोग येते. एक साली पाव्हना चप्पल घालून आल्ता, अख्खी ओळ मर लागून गेली. हे बूट वाटंनं चालले काय?"

"एकदाच. घरून फाटकापर्यंत," गोकुळभाऊंनी कबूल केलं.

"मंग धुवा. हयदीच्या पान्यात धुवा अन् वाळवा. आता हे मळ्यातच राहतीन. घरी जाची चप्पल दुसरी."

नारायणरावांना हे पटलं नाही. त्यांच्या मळ्याचा बांध याच बांधाला लागून आहे. "काकू, आज गोकुळ. उद्या सारे बूट घालून येतीन. रिवाज हाय का नाही काई?"

"येऊ दे. आधी त्यायच्या पायाले सुई टोचून पाह्यतो."

नारायणरावांनी नकळत आपले पाय जवळ घेतले.

दोन दिवसांनी गोकुळभाऊ मळ्यात शिरले. फाटकाच्या आत दगडावर बसून बूट चढवले, नाड्या दोनदा बांधल्या. पुढे पुष्पाबाई, मध्ये ते, मागे काठी टेकत सोजराबाई. दहा पावलंही झाली नव्हती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब. पाय उचल."

बुटाखाली एक कोवळा वेल चिरडला होता. त्यांना कळलंच नव्हतं. अनवाणी असते तरी कळलं नसतं. गोकुळभाऊ पाय अधांतरी धरून उभे राहिले. तोल जायला लागला तसा त्यांनी शेवरीला हात घातला. आता आई बाहेर घालवणार, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

सोजराबाईंनी चिरडलेला वेल पाहिला. मग सुनेला म्हणाल्या, "गोनपाट आन. याले उभं राहून काम नाही."

उतरण हे तसंही बरंचसं बसायचं काम. गोणपाटावर बसून गोकुळभाऊंनी पहिला वेल सोडवला. पायांची खबर येत नसली तरी बोटांची येत होती. वेटोळं झालं, माती दाबली गेली, शेंडा सरळ उभा राहिला. मग ते हातांवर जोर देऊन गोणपाटासकट पुढे सरकले. दुसरा वेल. तिसरा. चालत जाण्यापेक्षा वेळ लागत होता, आणि पॅन्टचा मागचा भाग ओला होत होता. पुष्पाबाईंनी तेवढ्यावरून एक शेरा मारला, तो छापण्यासारखा नाही. त्यावर मळ्यात सगळे हसले, सोजराबाईसुद्धा.

अकरा वेल झाल्यावर सोजराबाई ओळीवरून फिरल्या. प्रत्येक शेंड्याची बांधणी दोन बोटांनी ओढून पाहिली. एकही मोडला नव्हता. त्या मुलाकडे न बघता फाटकाकडे निघाल्या.

पुष्पाबाईंनी मागून विचारलं, "आत्याबाई, उतरणीले मानसं किती सांगू? तीन?"

"दोन सांग," सोजराबाई म्हणाल्या. "तिसरा घरचा हाय."